मातृदिनाच्या उपासनेत नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय कसा वाचावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मातृदिनाची उपासना आहे, तरुण संघातर्फे संदेश तुम्ही द्यायचा आहे, आणि बायबलच्या जुन्या करारातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायावरून ‘देवभीरू स्त्रीचे गुण’ सांगावेत असे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने सुचवले आहे. तुमच्या आईंनी वैधव्यात कांद्याच्या खळ्यावर आणि दुसऱ्यांच्या शेतात रोजंदारी करून तुम्हा तिघा भावंडांना शिकवले. दरवर्षी हा पाठ ऐकून घरी आल्यावर त्या म्हणतात, की हे मोठ्या घरच्या बाईचे वर्णन आहे, आपले नव्हे. मग त्यांच्याच समोर उभे राहून हे गुण कोणत्या तोंडाने सांगायचे, आणि ख्रिस्ती माणसाने आईचा मान राखायचा म्हणजे नेमके काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे.

मी तेहतीस वर्षे मराठी मंडळ्यांमध्ये पाळकपण केले आणि त्यातली काही वर्षे जुना करार शिकवला. या अध्यायावर वीसेक वेळा तरी बोललो असेन, आणि सुरुवातीची बरीच वर्षे चुकीचे बोललो हे आधीच कबूल करतो. एका वर्षी मी वेदीशेजारी फळा ठेवून त्यावर देवभीरू स्त्रीच्या वीस गुणांची यादी लिहिली होती, आणि संदेश संपल्यावर संडे स्कूलच्या मुलांच्या हातून आयांना एकेक गुलाब दिला होता. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका बाईंचे दोन गर्भ गेलेले होते. मला ते ठाऊक होते, पण त्या सकाळी आठवले नाही. गुलाब वाटणारा मुलगा त्यांच्यापुढे क्षणभर थांबला, त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि तो पुढच्या बाकाकडे गेला. त्यानंतरचे पाच रविवार त्या उपासनेला आल्या नाहीत. त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि एवढेच विचारले, “पाळकसाहेब, त्या वीसांतले एकोणीस माझ्यात असले तर चालतं का?” यादीतला एखादा गुण चुकला होता असे नाही. हा पाठ कोणाला उद्देशून आहे, हेच मी उलटे धरले होते.

अध्यायाचे पहिले वचन नीट पाहा. ही लमुएल राजाची वचने आहेत, आणि ती त्याला त्याच्या आईने शिकवली आहेत. म्हणजे इथे बोलणारी आई आहे आणि ऐकणारा तिचा मुलगा. आधी ती त्याला दारूपासून जपायला सांगते, आणि ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही अशा मुक्यांसाठी तू तोंड उघड, गोरगरिबांचा न्याय कर, असे बजावते. दहाव्या वचनापासून जे काव्य सुरू होते तेही तिच्याच शिकवणीचा भाग मानायचे की स्वतंत्र, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पुस्तकाच्या मांडणीत ते या सल्ल्याच्या पाठोपाठ येते आणि तरुण मुलाच्या कानावर पडते. दहा ते एकतीस या बावीस वचनांत स्त्रीला उद्देशून एकही आज्ञा नाही. ती असे करते, तसे करते, असे सगळे वर्णन आहे. एकोणतिसाव्या वचनात तिला प्रथमच ‘तू’ म्हटले आहे, आणि तेही पतीच्या तोंडी, तिची स्तुती करताना. संपूर्ण काव्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे. ते शेवटच्या वचनात आहे, अनेकवचनी आहे आणि ऐकणाऱ्यांना उद्देशून आहे : तिच्या हातांचे फळ तिला द्या.

संदेशाची तयारी इथून करा. आपण वर्षानुवर्षे हा पाठ बायकांपुढे आरसा म्हणून धरतो आणि पुरुष मागे आरामात बसतात. पाठातली एकमेव आज्ञा मात्र त्या पुरुषांना आणि मुलांनाच लागू आहे. यहुदी घरांमध्ये शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या, जेवणाआधी हे काव्य म्हणण्याची रीत आहे, आणि परंपरेने ते पती आपल्या पत्नीसाठी, कुटुंबासह, मेजाभोवती म्हणतो. म्हणजे आठवडाभर राबलेल्या बाईला त्या वेळी कोणी कसोटीला लावत नाही, तिचे गाणे गायले जाते.

आता ‘सद्गुणी स्त्री’ या शब्दांकडे येऊ. मूळ इब्री शब्द ‘एशेत हयिल’ असे आहेत. हयिल म्हणजे बळ, पराक्रम, ऐपत, आणि कित्येक ठिकाणी चक्क सैन्य. शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दूत गिदोनाला पराक्रमी वीर म्हणतो तिथे हाच शब्द आहे. रूथच्या पुस्तकात बवाजाची, म्हणजे पुढे रूथशी लग्न करणाऱ्या जमीनदाराची, ओळख करून देतानाही हाच आहे. पुरुषाला लावला की त्याचे भाषांतर शौर्य आणि वजन असे होते आणि स्त्रीला लावला की ‘सद्गुणी’ होते, ही गंमत केवळ मराठीत घडलेली नाही. ‘सद्गुणी’ चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण तो शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे खाली मान घालून बसलेली बाई येते, आणि कवीच्या डोळ्यांपुढे ती नव्हती. त्याने वापरलेली भाषा रणांगणाची आहे. पतीला ‘लाभाची’ उणीव पडत नाही असे आपण वाचतो, तिथे मूळ शब्द लुटीचा आहे. ती रात्र सरण्याआधी उठून घरच्यांना ‘अन्न’ देते, तिथे मूळ शब्द शिकारीचा, सिंहीण पिलांसाठी आणते त्याचा आहे. ती बळाने कंबर कसते. वीरांचे पोवाडे ज्या थाटात गायले जात, त्या थाटात इथे एका घर चालवणाऱ्या बाईचा पोवाडा गायला आहे, असे मराठी माणसाला सांगितले की पुढचे फारसे समजावून द्यावे लागत नाही.

तुमच्या आईंचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाऊ नका. या काव्यातली बाई शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, तिच्या हाताखाली दासी आहेत, घरातल्यांच्या अंगावर किरमिजी कपडे आहेत. तेव्हा हे सुखवस्तू घर आहे, यात वाद नाही. शिवाय ही रचना इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर बांधली आहे. प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होते, जणू आपल्याकडे कोणी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत आईचे गुणगान रचावे. त्यामुळे इथे एका बाईची एका दिवसाची दिनचर्या सांगितली आहे असे समजण्याचे कारण नाही. सूत कातणे, शेताची पारख, व्यापार, दानधर्म, शिकवण, हे आयुष्यभराचे आणि अनेकींचे काम एका चौकटीत भरलेले आहे.

पण त्याहून चांगले उत्तर रूथच्या पुस्तकात आहे. संपूर्ण जुन्या करारात ‘एशेत हयिल’ ही पदवी एका प्रत्यक्ष, नाव असलेल्या स्त्रीला एकदाच दिलेली आहे, आणि ती स्त्री म्हणजे रूथ. ती परकी होती, विधवा होती, तिला मूलबाळ नव्हते, आणि ती दुसऱ्याच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचत होती. तिसऱ्या अध्यायात बवाज तिला म्हणतो, की तू सद्गुणी स्त्री आहेस हे माझ्या गावच्या सर्व लोकांना ठाऊक आहे. मूळ इब्रीत शब्दशः ‘माझ्या लोकांची सगळी वेस हे जाणते’ असे आहे. नीतिसूत्रांतले काव्यही वेशीतच संपते : तिची कृत्ये वेशीत तिची प्रशंसा करोत. इब्री पवित्र शास्त्राच्या बऱ्याच हस्तलिखितांत आणि छापील प्रतींत नीतिसूत्रांच्या लगेच पुढे रूथचे पुस्तक येते. ‘अशी स्त्री कोणाला मिळते?’ असा प्रश्न विचारून एक पुस्तक संपते आणि पुढचे पान उलटले की सरवा वेचणारी एक विधवा समोर उभी राहते. तुमच्या आईंना हे घरी, उपासनेच्या आधी सांगा. व्यासपीठावरून पहिल्यांदा ऐकवू नका, चारचौघांत त्यांना संकोच वाटेल.

गुणांबद्दल बोलायचे तर सगळे सांगायच्या फंदात पडू नका. मी अलीकडे दोन-तीनच घेतो. एकोणीस आणि वीस ही वचने शेजारी ठेवून वाचा. एकोणिसाव्यात तिचे हात चरकी आणि चाती धरतात, विसाव्यात तेच हात गरिबांसाठी पसरतात. इब्रीत हाताचे दोन शब्द आहेत, आणि कवीने ते पहिल्या वचनात एका क्रमाने आणि दुसऱ्यात बरोबर उलट्या क्रमाने वापरले आहेत, शिवाय हात पुढे करण्याचे क्रियापद दोन्हीकडे तेच ठेवले आहे. कमावणारा हात आणि देणारा हात एकच आहे हे त्याने विणकामासारखे गुंफून दाखवले आहे. आपल्या आयांच्या बाबतीत हे किती खरे आहे, हे पाहायला पुस्तक लागत नाही. शनिवारी मजुरी हातात पडल्यावर घरी येतानाच दहा रुपयांची नोट दानपिशवीसाठी वेगळी काढून पोलक्यात ठेवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांची मुले आता पगाराच्या खात्यातून दशमांश देतात आणि पावती मागतात, हे जाता जाता.

अठराव्या वचनातला रात्री न विझणारा दिवा मला एका निरक्षर बाईने शिकवला. महिला मंडळाच्या बायबल अभ्यासात मी त्याचा अर्थ ‘जागरूकता’, ‘प्रार्थनाशील जीवन’ असा लावत होतो. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे शेताची लाईट आठवड्यात चार दिवस रात्रीची असते. बारा वाजता मोटार चालू करून पाणी धरायला मीच जाते, कारण पोराला सकाळी कॉलेज असतं. माझा दिवा बॅटरीचा आहे.” असे म्हणून त्यांनी पिशवीतून ती बॅटरी काढून दाखवली. काचेला तडा गेला होता आणि तो चिकटपट्टीने बांधला होता. त्या दिवसानंतर ‘जागरूकता’ हा शब्द या वचनाच्या संदर्भात माझ्या तोंडून निघालेला नाही.

तिसरा गुण जिभेचा. सव्विसाव्या वचनात तिच्या जिभेवर ‘हेसेदची तोरा’ आहे असे म्हटले आहे. तोरा म्हणजे शिकवण, नियम. मोशेच्या नियमशास्त्राला जो शब्द आहे तोच हा. हेसेद म्हणजे करार पाळणारी, न सुटणारी दया. नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात ‘आपल्या आईची शिस्त सोडू नको’ अशा अर्थाचे वचन आहे, आणि तिथेही आईच्या शिकवणीला तोराच म्हटले आहे. घरात धर्मशिक्षण देण्याचा अधिकार आईला आहे, हे इथे गृहीत धरले आहे. नव्या करारात प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, तेव्हा त्याच्या विश्वासाचा उगम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात दाखवतो. तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, म्हणजे त्या घरात शास्त्र आले ते बायकांच्या वाटेने. आपल्याकडे मिशनच्या काळात ज्यांना ‘बायबल बाई’ म्हणत त्या स्त्रिया गावोगाव, घरोघर जाऊन, पुरुष प्रचारकाला जिथे प्रवेश नव्हता तिथे माजघरात बसून वचन शिकवत. अनेक जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या विश्वासाची सुरुवात तिथे आहे, पण मंडळीच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांवर त्यांची नावे शोधून सापडत नाहीत.

आणि परमेश्वराचे भय. याला घाबरणे समजू नये. रूप भुलवते, लावण्य टिकत नाही, पण परमेश्वराचे भय धरणारी स्त्री प्रशंसेस पात्र ठरते, असे कवी म्हणतो तेव्हा तो पुस्तकाच्या अगदी सुरुवातीचे सूत्र परत उचलतो, की परमेश्वराचे भय हाच ज्ञानाचा आरंभ. याच पुस्तकात ज्ञानाला स्त्रीरूप दिले आहे. ती रस्त्यांवर हाक मारते, घर बांधते, मेज मांडते, आणि तिचे मोलही रत्नांहून अधिक सांगितले आहे, जसे या स्त्रीचे. तेव्हा पहिल्या अध्यायांत जी चौकाचौकात उभी राहून हाक मारते, तीच शेवटच्या अध्यायात चुलीपाशी, बाजारात आणि मळ्यात दिसते. मंडळीतला कोणी म्हणेल की हे बायकांचे गुण आहेत, तर त्याला स्तोत्र ११२ काढायला सांगा. तेही वर्णमालेवर बांधलेले आहे, तेही परमेश्वराचे भय धरणाऱ्याबद्दल आहे, आणि तिथे पुरुषाबद्दल जवळजवळ हेच सांगितले आहे : घरात संपत्ती, गरिबांना सढळ हाताने दान, वाईट बातमीने न डगमगणारे मन. ते स्तोत्र घेऊन आपण पुरुषांची तपासणी कधी केलेली नाही.

आता मान राखण्याविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा भार तिथे आहे. ‘आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख’ या आज्ञेतले इब्री क्रियापद ज्या धातूपासून येते त्याचा अर्थ जड असणे, वजनदार असणे असा आहे. आईला वजन द्यायचे, तिचे म्हणणे हलके समजायचे नाही, हा त्याचा गाभा. आपणही मराठीत ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असे म्हणतोच. निर्गम या पुस्तकात बाप आधी आणि आई नंतर येते, लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मात्र आई आधी आहे, आणि दोन्ही वाचून जुन्या यहुदी शिक्षकांनी दोघांचा मान सारखा असा निष्कर्ष काढला. ही आज्ञा लहान मुलांना आईबापांचे ऐकायला लावण्यासाठी आहे असे आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो, आणि पौलही ती मुलांना सांगतो, पण मूळ आज्ञा प्रौढ इस्राएली माणसांना दिलेली आहे, ज्यांचे आईबाप म्हातारे झाले होते.

हे प्रभू येशूने किती रोखठोक घेतले आहे ते मार्काच्या सातव्या अध्यायात पाहा. तुला माझ्याकडून जे मिळायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केले आहे, असे आईबापांना सांगून माणूस त्यांची जबाबदारी झटकत असे, आणि शास्त्री त्याला ते करू देत. येशूने याला देवाचे वचन रद्द करणे म्हटले. म्हणजे मान राखण्याचा विषय थेट पैशापाशी आणून ठेवला. माझ्या पाळकपणात एका सद्गृहस्थांनी मंदिराला ध्वनिवर्धक संच दिला, त्यावर नाव घातले, आणि त्यांच्या आई मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दोन वर्षे धाकट्या मुलाच्या सवडीची वाट पाहत होत्या. मी देणगी स्वीकारली आणि काही बोललो नाही. त्या संचावरून मी नंतर पाचव्या आज्ञेवरही संदेश दिला, ही आठवण अजून टोचते. पौलाने तीमथ्याला पहिल्या पत्रात सरळ लिहिले आहे, की विधवेला मुले-नातवंडे असतील तर त्यांनी आधी आपल्या घरी धार्मिकता दाखवावी आणि आईबापांचे ऋण फेडावे, आणि जो स्वकीयांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे.

‘तिच्या हातांचे फळ तिला द्या’ याचा अर्थ लावताना म्हणून मी आता कायद्याचीही दोन वाक्ये बोलतो, कोणाला ती व्यासपीठावर शोभत नाहीत असे वाटले तरी. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. ख्रिस्ती पुरुष मृत्युपत्र न करता वारला आणि त्याला मुले असतील, तर विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे-मुली यांच्यात समान वाटले जातात. पण मुलगा मृत्युपत्राविना गेला आणि त्याला मुले असली, तर त्याच्या आईचा त्याच्या मिळकतीत वाटा नाही. जिच्या मजुरीतून त्याचे शिक्षण आणि घर उभे राहिले, ती सुनेच्या मर्जीवर राहते. तेव्हा आईवर प्रेम असणाऱ्या मुलाने मृत्युपत्र करावे, आणि आईने घेतलेल्या किंवा राखलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचे नाव आहे की नाही हे एकदा पाहावे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला. वेशीत तिचे नाव घेतले जावे, या अपेक्षेच्या दिशेने सरकार एक पाऊल चालले. आमच्या मंडळीच्या कुटुंब नोंदवहीत अजून ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्याखाली आईचे नाव तेव्हाच येते जेव्हा बाप वारलेला असतो.

तुमच्या मंडळीत पहिल्या पिढीचे विश्वासी असतील, तर त्यांच्यापैकी कोणीतरी विचारील, की माझी आई ख्रिस्ती नाही, तिचा मान कसा राखू? आज्ञेत विश्वासी आईचा असा शब्द नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायातले आईबापांचा ‘द्वेष’ करण्याचे कठीण वचन पुष्कळदा इथे फेकले जाते, पण तो इब्री बोलण्याचा ढंग आहे. त्याचा रोख प्रभूवरच्या निष्ठेला पहिले स्थान देण्यावर आहे, आणि मत्तयात तेच वचन ‘माझ्यापेक्षा जो आईबापांवर अधिक प्रीती करतो’ अशा रूपात आले आहे. या बाबतीत मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण देतो. त्यांच्या आई लक्ष्मीबाई डोंगरे या निष्ठावंत हिंदू होत्या. पतीकडून शिकलेले संस्कृत त्यांनी लेकीला शिकवले, तेही घरकाम सांभाळून आणि तीर्थयात्रेच्या वाटेवर. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले. आईच्या अंत्ययात्रेला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः ताटी उचलली, आणि उंची कमी असल्याने खांद्याऐवजी डोक्यावर घेतली. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि त्यानंतर १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे पुस्तक त्यांनी आईच्याच स्मृतीला अर्पण केले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, इब्री आणि ग्रीक शिकून. भाषा शिकण्याची ती सवय ज्या बाईने लावली तिने ख्रिस्ताचे नावही क्वचितच ऐकले असेल. एखादा तरुण बाप्तिस्म्यानंतर आईच्या हातचे जेवायचे टाळू लागला, तर मी त्याला आधी घरी पाठवतो.

सगळ्याच आया प्रेमळ नसतात, हेही एका वाक्यात तरी म्हणा, कारण ऐकणाऱ्यांत कोणीतरी आईच्या हातून पोळलेले असते. मान राखणे म्हणजे झालेल्या छळावर पांघरूण घालणे नव्हे, आणि अशा मुलामुलींना व्यासपीठावरून घाईने क्षमा करायला लावू नये. त्यांच्याशी स्वतंत्र बसून बोलावे लागते आणि त्याला महिने लागतात.

मूलबाळ नसलेल्या स्त्रियांसाठी माझ्या हाती दोन वचने आहेत. गर्दीतल्या एका बाईने येशूला म्हटले, की धन्य ते उदर ज्याने तुला वाहिले; त्यावर तो म्हणाला, की त्यापेक्षा देवाचे वचन ऐकून ते पाळणारे धन्य. स्वतःच्या आईचा त्याने अपमान केला नाही, वधस्तंभावरून तिला शिष्याच्या हवाली करून तिची सोय लावणारा तोच होता. पण बाईची किंमत तिच्या कुशीवर ठरवण्याची तऱ्हा त्याने मान्य केली नाही. दुसरे वचन रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात आहे, आणि ते सहज नजरेतून सुटते : पौल रूफाला सलाम पाठवतो आणि त्याच्या आईलाही, ‘जी माझीही आई’ आहे. पौलाला तिने कधी, कुठे, काय केले हे कोणी लिहिलेले नाही. चार शब्दांत तिचा मान राखून तो पुढच्या नावाकडे वळतो.

मातृदिनाच्या फुलांविषयीही तुम्ही विचारले आहे. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला महाराष्ट्रात मातृदिन पाळतात, तो वेगळा. आपल्या मंडळ्यांत आलेला मे महिन्यातला रविवार अमेरिकेतला आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावी १० मे १९०८ रोजी एका मेथडिस्ट मंदिरात त्याची पहिली उपासना झाली, आणि १९१४ मध्ये तो तिथे राष्ट्रीय दिवस ठरला. ज्या अ‍ॅना जार्विस यांनी तो सुरू केला त्यांच्या आई अ‍ॅन जार्विस यांनी आपल्या भागात आयांची मंडळे काढून स्वच्छतेचे आणि आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे काम केले होते. पुढे फुलांचा आणि शुभेच्छापत्रांचा बाजार झाल्यावर अ‍ॅना स्वतःच या दिवसाविरुद्ध लढल्या. फुले द्यायचीच तर दाराशी उभे राहून आत येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला द्या, आई कोण आणि कोण नाही हे मोजू नका.

उपासनेचा क्रम मी असा ठेवीन. पाठ स्त्रियांकडून वाचून घेऊ नका. दहा ते सत्तावीस वचने तरुण संघातल्या मुलांनी आळीपाळीने वाचावीत. अठ्ठाविसाव्या वचनात तिची मुले ‘उठून’ तिला धन्य म्हणतात, तिथे मंडळीतल्या सर्व पुरुषांना आणि मुलांना उभे करा आणि उरलेली चार वचने सगळ्यांनी मिळून म्हणा. स्त्रिया बसलेल्या राहोत. मुलाने आईसाठी उठण्याला शास्त्रात मोठा दाखला आहे. आई बथशेबा भेटीला आली तेव्हा शलमोन राजा सिंहासनावरून उठला, तिला नमन केले आणि तिच्यासाठी उजव्या हाताला आसन मांडवले. संदेश वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका, आणि त्यात स्वतःच्या आईंविषयी बोलणार असाल तर त्यांची परवानगी घ्या.

प्रीतिभोजनाचा स्वयंपाक दरवर्षी महिला मंडळच करते, असे तुम्ही लिहिले आहे. या वर्षी मंदिरामागच्या स्वयंपाकघराची किल्ली शनिवारी संध्याकाळीच महिला मंडळाच्या अध्यक्षांकडून मागून घ्या. तांदूळ पुरुष निवडतील, मटण पुरुष शिजवतील, आणि पातेली घासायची वेळ येईल तेव्हा त्यातले किती जण तिथे उरतात ते मला नक्की कळवा.